न्यूट्रल आयशॅडो पॅलेट: कोणाच्या त्वचेसाठी 'न्यूट्रल'?

मराठी लग्नात नवरीच्या डोळ्यांशी स्पर्धा करणाऱ्या गोष्टी आधीच पुष्कळ असतात. कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, कानशिलांवरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा आणि अंगावर पिवळा किंवा हिरवा शालू. त्यात पापण्यांवरही निळा-जांभळा रंग चढवला तर पाहणाऱ्याने कुठे पाहायचे, हा प्रश्न पडतो. म्हणून नवरीचा मेकअप करणाऱ्यांच्या पेटीत तपकिरी, गुलाबी आणि मातकट रंगांची एक डबी हमखास असते. तिलाच न्यूट्रल किंवा न्यूड आयशॅडो पॅलेट म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात पिशोर हे मोठे गाव आहे. तिथे ही डबी निवडायची तर बहुतेक वेळा फोनच्या पडद्यावरूनच निवडावी लागते. सेफोरासारखे दुकान गावात नाही, त्यामुळे रंग बोटावर घेऊन मनगटावर लावून पाहण्याची सोय नाही. रीलमध्ये पॅलेट सुंदर दिसते, पैसे भरले जातात, पार्सल येते आणि पहिल्याच वापरात कळते की बारापैकी पाच छटा पापणीवर दिसतच नाहीत आणि दोन छटांनी डोळा राखेने माखल्यासारखा दिसतो. डबी खराब नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी त्वचेसाठी बनलेली असते.

'न्यूट्रल' ठरवले कोणी?

शाळेतल्या खडूंच्या पेटीत फिकट गुलाबी-पिवळसर रंगाची एक कांडी असायची. सगळी मुले तिला 'स्किन कलर' म्हणायची. वर्गातल्या एकाही मुलाची त्वचा त्या रंगाची नसली तरी! अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या पेटीत याच रंगाचे नाव 'फ्लेश' होते. कंपनीने ते १९६२ मध्ये बदलून 'पीच' केले. 'न्यूड' या शब्दाचे तसेच झाले. मेरियम-वेबस्टर या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशात 'न्यूड' रंगाचा अर्थ गोऱ्या माणसाच्या त्वचेचा रंग असा दिलेला होता. त्यावर आक्षेप आले आणि २०१५ मध्ये तो बदलून 'वापरणाऱ्याच्या त्वचेशी जुळणारा' असा केला गेला.

न्यूट्रल रंग म्हणजे कोणताही ठरावीक तपकिरी नव्हे. जो रंग तुमच्या त्वचेच्या नैसर्गिक सावलीसारखा वाटतो, तो तुमच्यासाठी न्यूट्रल. गोऱ्या त्वचेवर फिकट बिस्किटी रंग सावलीचे काम करतो. गव्हाळ त्वचेवर तोच रंग त्वचेत मिसळून जातो, आणि सावळ्या त्वचेवर तर तो उजळ ठिपका होऊन उठतो. म्हणजे एकाच डबीतली एकच छटा तीन चेहऱ्यांवर तीन वेगवेगळी कामे करते.

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार सांगणारी एक मोजपट्टी मांडली. आज त्यात सहा प्रकार आहेत, आणि बहुतांश भारतीयांची त्वचा त्यातल्या चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. जगात गाजलेल्या सुरुवातीच्या न्यूट्रल पॅलेट मात्र पहिल्या तीन प्रकारांना नजरेसमोर ठेवूनच रचल्यासारख्या दिसतात.

राखाडी का दिसते?

आयशॅडोची वडी साधारणपणे टाल्क किंवा अभ्रक (मायका), रंगद्रव्ये आणि हे सगळे बांधून ठेवणारे तेलकट घटक यांची बनते. तपकिरी, तांबडे, पिवळे आणि काळे रंग येतात ते लोहाच्या ऑक्साइडपासून. वेष्टनावर ते सीआय ७७४९१ (तांबडा), ७७४९२ (पिवळा) आणि ७७४९९ (काळा) या क्रमांकांनी लिहिलेले असतात. रंग फिकट करायचा असेल तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. ही पांढरी भुकटी भिंतीच्या रंगातही वापरतात. तिचा क्रमांक सीआय ७७८९१.

खरी गोम या पांढऱ्या भुकटीत आहे. रंगद्रव्य कमी आणि पांढरा आधार जास्त असलेली छटा गोऱ्या त्वचेवर खपून जाते, कारण खालचा रंगही फिकटच असतो. सावळ्या त्वचेवर मात्र तो पांढरा थर वेगळा उठतो आणि डोळ्यांभोवती भस्म फासल्यासारखे दिसते. टाल्क जास्त असलेल्या स्वस्त वड्यांचीही हीच गत होते.

दुसरे कारण रंगाच्या झाकेचे. राखाडीकडे झुकणारा तपकिरी, ज्याला टोप म्हणतात, तो थंड झाकेचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक त्वचांना पिवळी किंवा सोनेरी झाक असते. पिवळ्याशेजारी राखाडी ठेवला की तो नजरेला जांभळट वाटू लागतो. म्हणून टोप रंग लावल्यावर डोळा सुजल्यासारखा, मार लागल्यासारखा दिसण्याची तक्रार येते. विटकरी, तांबूस, मधाळ आणि गडद चॉकलेटी रंगांत हा धोका कमी असतो.

कोणतीही न्यूट्रल पॅलेट पाहताना तीन गोष्टी तपासायच्या. तुमच्या त्वचेपेक्षा दोन पायऱ्या गडद असा मॅट रंग तिच्यात आहे का? पापणीची कड आखता येईल इतका गडद तपकिरी किंवा काळा आहे का? आणि एकूण झाक उबदार आहे की थंड? चमकदार छटा किती आहेत हा प्रश्न शेवटी. चमक कुठेही मिळते. जुळणारा मॅट तपकिरी मिळणे अवघड असते.

नेकेड: जिथून लाट सुरू झाली

अमेरिकेच्या अर्बन डिके कंपनीने २०१० मध्ये 'नेकेड' नावाची पॅलेट आणली. १२ छटा, सगळ्या तपकिरी, सोनेरी आणि राखाडी घराण्यातल्या. तोवर या कंपनीची ओळख भडक, बंडखोर रंगांची होती. पण या मातकट डबीने असा धुमाकूळ घातला की पुढची काही वर्षे प्रत्येक कंपनी आपली 'नेकेड' काढण्याच्या मागे लागली. खुद्द अर्बन डिकेने २०११ मध्ये थंड झाकेची नेकेड २, २०१३ मध्ये गुलाबी झाकेची नेकेड ३ आणि २०१७ मध्ये विटकरी-नारिंगी नेकेड हीट काढली. लॉरिआलने २०१२ मध्ये ही कंपनी विकत घेतली. मूळ नेकेड २०१८ मध्ये बंद झाली, आणि कंपनीने तिचा चक्क अंत्यविधी केल्यासारखी जाहिरात केली.

मूळ नेकेडचा गुण म्हणजे तिचा मऊपणा आणि वडीचे वजन. प्रत्येक वडी सुमारे १.३ ग्रॅमची होती. दोष असा की १२ छटांमध्ये खऱ्या अर्थाने मॅट जेमतेम दोन होत्या, बाकी सगळी चमक. 'नेकेड' याच नावाची मॅट छटा गव्हाळ पापणीवर जवळपास अदृश्य व्हायची. आपल्या त्वचांवर त्यातली 'हाफ बेक्ड' ही सोनेरी आणि 'स्मॉग' ही गडद ब्राँझ छटा खुलायची. नेकेड २ मराठवाड्यातल्या गव्हाळ-सावळ्या रंगासाठी या मालिकेतली सर्वांत गैरसोयीची निवड. तिचा सगळा भर टोपवर आहे. नेकेड ३ फोटोत मोहक दिसते, पण सावळ्या त्वचेवर तिच्या फिकट गुलाबी छटा एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. या चारांत आपल्याकडे सर्वांत उपयोगी ठरावी अशी नेकेड हीट. तिचे विटकरी, दालचिनी रंग पिवळ्या झाकेच्या त्वचेत सहज मिसळतात.

मूळ नेकेड आज कोणी 'नवी, सीलबंद' म्हणून विकत असेल तर तिचे उत्पादन थांबून किती वर्षे झाली, हे आधी मोजावे.

मॉडर्न रेनेसान्स आणि सॉफ्ट ग्लॅम

अनास्तासिया बेव्हर्ली हिल्सची मॉडर्न रेनेसान्स २०१६ मध्ये आली आणि न्यूट्रलचा अर्थच सरकला. १४ छटा, बहुतांश मॅट, आणि तपकिरीच्या जोडीला विटकरी, डाळिंबी, गंजासारखा तांबडा. गोऱ्या त्वचेवर यातल्या निम्म्या छटा न्यूट्रल नाहीत, चांगल्या ठळक लाल आहेत. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर मात्र त्या शांत होतात. पाश्चात्त्य बाजारासाठी 'धाडसी' असलेली पॅलेट आपल्याकडे नवरीला रोजच्या रंगासारखी शोभते, ती यामुळेच.

तिच्या छटांची नावे चित्रकारांच्या रंगपेटीतून घेतलेली आहेत: रेड ओकर, गोल्डन ओकर, रॉ सिएना, सायप्रस अंबर, टेम्पेरा, ब्वॉन फ्रेस्को, रिआल्गार. नावे इटलीच्या आठवणी जागवणारी असली तरी हे रंग पाहायला कन्नडवरून इटलीला जायची गरज नाही. याच जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या भिंती आहेत. तिथल्या चित्रकारांनी वापरलेले रंग म्हणजे तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुना आणि पांढरी माती. दूरदेशाहून आणलेला असा रंग म्हणजे निळा, लाजवर्द दगडाचा. रेड ओकर म्हणजे गेरूच. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि आयशॅडोतला सीआय ७७४९१ हाही रासायनिकदृष्ट्या तोच पदार्थ; फरक इतकाच की सौंदर्यप्रसाधनांसाठी तो कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार करतात. लोहाचे ऑक्साइड उन्हाने उडत नाहीत. दीड हजार वर्षांनंतरही गुहांमधले तपकिरी टिकले त्यामागे हेही कारण आहे.

ब्वॉन फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवणे. अजिंठ्याचे चित्रण कोरड्या गिलाव्यावर, डिंकासारख्या बंधकात रंग कालवून केलेले आहे. त्या पद्धतीला टेम्पेरा म्हणतात. म्हणजे या डबीतली 'टेम्पेरा' ही छटा नावाने तरी अजिंठ्याच्या जवळची; गंमत अशी की ती डबीतली सर्वांत फिकट छटांपैकी एक, भुवईखाली लावायची. आणि रिआल्गार म्हणजे मनशीळ, आर्सेनिकचे विषारी खनिज. छटेला फक्त नाव तेवढे दिले आहे, घाबरायचे कारण नाही. (तिची पिवळी बहीण म्हणजे हरताळ. पोथीतला चुकलेला मजकूर झाकायला ती लावत, त्यावरून 'हरताळ फासणे' आले.)

अजिंठ्याच्या भिंतींवर आणखी एक गोष्ट दिसते. एकाच दृश्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या राण्या आणि दासी गोऱ्या, गव्हाळ, तांबूस, गडद सावळ्या अशा वेगवेगळ्या वर्णांच्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोळ्यांची सावली तिच्या तिच्या वर्णातूनच गडद करत नेलेली आहे.

मॉडर्न रेनेसान्सचे दोष दोन. एक म्हणजे वडी फार मऊ आहे. ब्रश टेकवला की भुकटी उडते आणि ती गालावर पडते. त्यामुळे डोळे आधी आणि चेहऱ्याचा बेस नंतर, असा क्रम ठेवावा लागतो. दुसरे म्हणजे वजन. प्रत्येक वडी सुमारे ०.७ ग्रॅमची, म्हणजे मूळ नेकेडच्या वडीच्या साधारण निम्मी. लग्नसराईत रोज वापरणाऱ्या ब्युटिशियनची मधली दोन-तीन आवडती चौकटे एका हंगामात तळाला लागू शकतात.

२०१८ मध्ये आलेली सॉफ्ट ग्लॅम तिची सौम्य बहीण. याही पॅलेटमध्ये १४ छटा. टेम्पेरा, बर्न्ट ऑरेंज आणि सायप्रस अंबर या तीन छटा दोन्हींत सारख्याच आहेत, त्यामुळे दोन्ही घेण्यात फारसा अर्थ नाही. सॉफ्ट ग्लॅममध्ये 'नॉयर' हा खरा काळा आहे, जो मॉडर्न रेनेसान्समध्ये नाही. चमकदार छटाही जास्त आहेत. एकाच डबीवर साखरपुडा, हळद, लग्न आणि स्वागत समारंभ निभवायचे असतील तर सॉफ्ट ग्लॅम सोयीची. नवरीची त्वचा गडद सावळी असेल तर मॉडर्न रेनेसान्स वरचढ ठरते, कारण तिच्यातले लाल अधिक खोल आहेत.

लाल-गुलाबी छटांबद्दल एक सूचना. त्यांत कधी कधी कार्मिन असते, क्रमांक सीआय ७५४७०. ते कोचिनील नावाच्या कीटकापासून काढतात. माळकरी, जैन किंवा कडक शाकाहारी ग्राहकासाठी पॅलेट घेत असाल तर हा क्रमांक वेष्टनावर शोधावा. केवळ लोहाच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या तपकिरी छटांत हा प्रश्न येत नाही.

हुडाने केलेली वाटणी

दुबईहून चालणाऱ्या हुडा ब्युटीने २०१८ मध्ये 'न्यू न्यूड' ही १८ छटांची पॅलेट आणली. ती गुलाबी-मॉव्ह रंगांची आहे आणि तिच्यातल्या चमकदार छटा बोटाने लावल्यावर झगमगतात. गव्हाळ रंगापर्यंत ती छान चालते. त्यापुढे तिच्या फिकट गुलाबी मॅट छटा राखाडी होऊ लागतात.

याच कंपनीने पुढे 'न्यूड ऑब्सेशन्स' या नावाने तीन छोट्या पॅलेट काढल्या: लाइट, मीडियम आणि रिच, प्रत्येकी नऊ छटा. एकच न्यूड सर्वांना चालत नाही, हे इथे डबीवरच लिहिले गेले. आपल्याकडे बहुतेकींनी मीडियम पाहावी आणि सावळ्या त्वचेसाठी रिच. 'लाइट' केवळ नाव गोड वाटते म्हणून घेऊ नये. दुकानदारही कधी कधी तीच पुढे करतो, कारण गोरेपणाचे कौतुक काउंटरच्या दोन्ही बाजूंना सारखेच असते.

काही शे रुपयांतल्या पॅलेट

वर उल्लेखलेल्या परदेशी पॅलेटची किंमत अमेरिकेतही कमी नसते. इथे येईपर्यंत ती अनेक हजार रुपये होते. गावात पार्लर चालवणारीसाठी हा आकडा लहान नाही. एका डबीच्या पैशांत ब्रश, प्राइमर, काजळ आणि सेटिंग स्प्रे असा अख्खा संच येऊ शकतो. म्हणून स्वस्त पर्यायांकडे नाक मुरडण्याचे कारण नाही.

मेबलिनची 'द न्यूड्स' ही १२ छटांची पॅलेट नेकेडच्या लाटेवरच आली. मेबलिनही लॉरिआलच्याच मालकीची आहे, म्हणजे महाग आणि स्वस्त अशी दोन्ही दुकाने एकाच घरची. द न्यूड्सचा रंग पातळ आहे. नवशिक्या हाताला ते बरे पडते, चूक झाली तरी पुसता येते. पण सावळ्या पापणीवर तीन-तीन थर द्यावे लागतात. ब्रिटनच्या मेकअप रिव्होल्यूशनची 'आयकॉनिक ३' नेकेड ३ शी इतकी मिळतीजुळती आहे की तिला सर्रास नेकेडचे ड्यूप म्हटले जाते. अर्थात नेकेड ३ चा जो दोष, तोच हिचाही. याच कंपनीची 'रिलोडेड बेसिक मॅट्स' आपल्यासाठी जास्त कामाची आहे. तिच्या १५ च्या १५ छटा मॅट आहेत आणि त्यांतल्या खालच्या गडद छटांमध्ये गव्हाळ ते सावळ्या त्वचेचे मधले रंग सापडतात.

भारतीय ब्रँडमध्ये मुंबईच्या शुगरची आठ छटांची 'ब्लेंड द रूल्स' आणि स्वस्तातली नऊ छटांची स्विस ब्युटीची पॅलेट गावोगावी पोहोचलेल्या आहेत. स्विस ब्युटी नावातल्या 'स्विस'मुळे फसवते. कंपनी भारतीय आहे. तिच्या चमकदार छटा किमतीच्या मानाने खरोखर चांगल्या असतात. मॅट छटा कोरड्या, थोड्या ठिपकेदार बसतात. एक क्रमांक घेतला आणि तो आवडला म्हणून दुसराही तसाच निघेल याची खात्री नाही.

हिशेब कसा करायचा? किंमत भागिले छटा असा नको, किंमत भागिले वापरात येणाऱ्या छटा असा करावा. समजा ४,००० रुपयांच्या डबीतल्या १४ पैकी ११ छटा तुमच्या त्वचेवर चालतात, तर एक छटा सुमारे ३६४ रुपयांना पडली. ४०० रुपयांच्या डबीतल्या नऊपैकी तीनच चालल्या तर एक छटा १३३ रुपयांना. म्हणजे स्वस्त डबी या हिशेबातही स्वस्तच राहते! फक्त तुम्ही नऊ छटा घेतल्या हा समज खोटा असतो. स्वस्तातली चमकदार पॅलेट आणि जोडीला स्वतःच्या त्वचेशी जुळणारी एक-दोन सुटी मॅट छटा, हा जुगाड कमी पैशांत सर्वांत जास्त काम देतो. मॅट छटा म्हणून चेहऱ्याचे काँटूर किंवा भुवयांची तपकिरी पावडरही चालते. ती बहुधा पेटीत असतेच.

फोनवरून निवडताना

कंपनीने दाखवलेला हातावरचा पट्टा, ज्याला स्वॉच म्हणतात, तो अनेकदा गोऱ्या मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन-तीन थर देऊन काढलेला असतो. मनगटाची आतली त्वचा पापणीपेक्षा उजळ असते. त्यामुळे शोधताना पॅलेटच्या नावापुढे 'इंडियन स्किन' किंवा मॅक कंपनीचे एनसी ४०, एनसी ४२, एनसी ४५ असे क्रमांक टाकावेत. हे फाउंडेशनचे क्रमांक पिवळ्या-सोनेरी झाकेच्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेसाठीचे आहेत आणि भारतीय परीक्षणांत ते खूणगाठीसारखे वापरले जातात. फिल्टर आणि रिंग लाइटमधल्या व्हिडिओपेक्षा खिडकीशेजारी, दिवसाच्या उजेडात काढलेला साधा फोटो जास्त खरे सांगतो. ग्राहकांनी समीक्षेत टाकलेले अंधूक, वाकडेतिकडे फोटो या कामी सर्वांत उपयोगी.

बनावट माल आणि डबीमागचा मजकूर

न्यूट्रल पॅलेट गाजल्या तशा त्यांच्या नकलाही गाजल्या. ड्यूप आणि बनावट यांत फरक आहे: ड्यूप स्वतःच्या नावाने विकली जाते, बनावट दुसऱ्याच्या नावाने. एप्रिल २०१८ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी तिथल्या सँटी अ‍ॅली बाजारात छापे टाकून सुमारे सात लाख डॉलरची बनावट प्रसाधने पकडली. त्यात अर्बन डिकेच्या नावाचाही माल होता, आणि तपासणीत त्या मालात जिवाणू आणि विष्ठेचे अंश आढळले. ज्या वस्तू डोळ्याच्या कडेला लावायच्या, त्यांत हे.

भारतात सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला बंदी आहे. अशुद्धी म्हणून राहणाऱ्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत २० भाग आणि आर्सेनिकची दोन भाग अशी आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि कधीपर्यंत वापरायचे तो महिना-वर्ष असायला हवे. आयात माल असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता आणि 'आरसी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही. हजारोंची पॅलेट तीनशे रुपयांत मिळत असेल आणि मागे आयातदाराचे नाव नसेल, तर सूट कसली म्हणायची? ऑनलाइन फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

चमक ज्या अभ्रकामुळे येते, तो भारतात मुख्यतः झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून येतो आणि तिथल्या बेकायदा खाणींत मुले राबत असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. घटकांच्या यादीत 'सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट' असे लांबलचक नाव दिसले तर तो कारखान्यात केलेला अभ्रक असतो.

एक डबी, अनेक डोळे

घरच्या वापराची डबी आणि पार्लरची डबी यांत मोठा फरक आहे. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ होती. अशा वेळी एकच ब्रश एकीच्या पापणीवरून वडीत आणि वडीतून दुसरीच्या पापणीवर गेला तर साथ पसरायला वेळ लागत नाही. म्हणून डबीतला रंग आधी चमच्याने किंवा पट्टीने खरवडून ताटलीत घ्यावा आणि तिथून ब्रशने लावावा. ब्रश प्रत्येक ग्राहकानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवावा. डबीमागे उघड्या बरणीचे छोटे चित्र असते, त्यात १२एम किंवा २४एम लिहिलेले असते. म्हणजे उघडल्यापासून इतके महिने. उघडल्याची तारीख डबीवरच लिहून ठेवली तर पुढे आठवत बसावे लागत नाही.

कुरिअरमध्ये वडी फुटली तर तेच अल्कोहोल तीन-चार थेंब टाकून, चुरा दाबून, रात्रभर वाळवता येतो. मॅट छटा पूर्ववत होतात. चमकदार छटा थोड्या टणक बनतात.

एप्रिल-मे महिन्यांत, चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात, मांडवात उभे राहायचे असेल तर पॅलेटपेक्षा खालचा प्राइमर महत्त्वाचा. तेलकट पापणीवर कितीही महाग रंग घडीत गोळा होतो. लग्नाचे फोटो फ्लॅशमध्ये निघणार असल्याने चमक पापणीच्या मध्यभागीच ठेवावी. घडीच्या वर मॅट.

चेहऱ्याचा बेस दोन पायऱ्या गोरा केला असेल तर यातले काहीही लागू होत नाही. सावळ्या नवरीच्या चेहऱ्यावर फिकट फाउंडेशन चढवले की पापण्यांना जुळणारा न्यूट्रल सापडत नाही, कारण खालची त्वचाच तिची राहिलेली नसते. मान आणि चुड्याखालचे हात मात्र तिचेच असतात, आणि अल्बममध्ये ते शेजारी शेजारी येतात.

ट्रायल घेताना एक गोष्ट अनेकदा सुटते. ट्रायल हळदीच्या आधी होते, लग्न हळदीनंतर. हळदीचा पिवळेपणा धुतल्यानंतरही एक-दोन दिवस त्वचेत राहतो. ट्रायलला जो टोप किंवा मॉव्ह रंग बरा दिसला, तोच लग्नाच्या सकाळी अधिक जांभळा दिसू शकतो. त्या सकाळी हाताशी एक विटकरी मॅट छटा ठेवावी. घडीत तिचा हलका हात फिरवला की जांभळेपणा उतरतो.